पाचवं शील

आमच्या वस्तीत दारू ओळखायचं शास्त्र माझ्या वडिलांनी काढलं. ज्या खड्ड्यात ते पुढे पडले तो त्यांनी स्वतःच खणला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही सगळा दोष विहाराच्या समितीला द्याल, आणि आमच्या समितीला इतकं मोठेपण द्यावं अशी तिची लायकी कधीच नव्हती.

वडिलांचं नाव देवमन. अमरावतीला कचेरीत पट्टेवाले होते. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातला पितळी खंडोबा वडाळीच्या तलावात सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या मागे लागले. पाच शिलांपैकी चार तर कोणी पाळतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं हे सगळं माणूस झाकून करतो. पाचवं शील दारू न पिण्याचं, ते मोडलं की मात्र वास येतो. म्हणून वडिलांनी पाचवं धरलं. सरकारची दारूबंदी होतीच, पण सरकारला नाक नव्हतं आणि बाबांना होतं.

रविवारी संध्याकाळी आमच्या टिनाच्या विहारात वंदना व्हायची. बाबा दाराशी उभे राहायचे. प्रत्येक पुरुषानं जयभीम करायचा आणि मग बाबांच्या नाकासमोर फुंकर मारायची. वास आला किंवा हात कापताना दिसला की त्यानं तीन रविवार दाराबाहेर चपलांजवळ बसून वंदना म्हणायची. ज्या लोकांच्या बापजाद्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या चपलांजवळ बसवलं, त्यांना शिक्षा ठरवायची वेळ आली तेव्हा हीच सुचली. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. मी बाबांना हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "दुसरी शिक्षा त्यायले लागतच नाही व ललिता. हीच लागते." त्यात खोटं काही नव्हतं.

या शिक्षेचा कायमचा मानकरी होता किसना. तो मोहाची, गुळाची, मिळेल ती प्यायचा आणि बहुतेक रविवार चपलांतच काढायचा. एकदा मात्र समितीचे अध्यक्ष सूर्यभानजीही तिथं बसले. ते एका ठेकेदाराकडे मुकादम होते आणि प्रकृतीसाठी द्राक्षासव घ्यायचे. त्यांची प्रकृती जरा जास्तच नाजूक असावी, कारण बाटली आठवडाभरही पुरत नसे. त्यांनी लवंग चघळली, बाटलीवरचा वैद्याचा कागद दाखवला, अध्यक्षपदाची आठवण करून दिली. बाबांनी ऐकलं नाही. तेव्हापासून सूर्यभानजींच्या पोटात बाबांबद्दल एक अढी बसली आणि ती द्राक्षासवानं विरघळण्यातली नव्हती.

पुढं बाबांना साखरेचा आजार निघाला. सारखी तहान, सारखं उठणं, पायाची जखम बरी होईना. राजकमल चौकापलीकडच्या ओमप्रकाश डॉक्टरांनी लघवी तपासून गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. भात बंद, गूळ बंद, बटाटा बंद. अंडी खा, मटण खा, डाळ खा, ताकद टिकवा. आमच्या घरी मटण सणाला शिजायचं. आता ते डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितलं होतं. माझी माय दुर्गाबाई हे वस्तीत सांगत फिरली, जणू बाबांना सरकारनं बढतीच दिली. रोज सकाळी दोन अंडी, दुपारी डाळीचं घट्ट वरण, एक दिवसाआड मटण. बाबांनी नको म्हटलं तरी ती ताटाजवळून हलायची नाही.

वर्षभर बरं चाललं. मग बाबा बिघडायला लागले. दिवसा बसल्या जागी पेंगायचे आणि रात्री टक्क जागे राहून ट्रंकेतले कपडे काढायचे, परत ठेवायचे. कचेरीत एका साहेबाचा चहा दुसऱ्याला नेऊन दिला. जीभ जड झाली. जयभीम करायला हात वर केला की पंजा एकदम खाली पडायचा, परत वर यायचा, परत पडायचा. चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं. तोंडाला एक गोडसर, उबट वास यायला लागला, पिशवीत विसरलेल्या पेरूसारखा. माय म्हणाली, अशक्तपणा आला आहे, आणि तिनं अंडी दोनाची तीन केली. नवऱ्याचं काहीही बिघडलं की त्याचं ताट वाढवायचं, एवढं एकच वैद्यक तिला ठाऊक होतं.

आणि मग तो रविवार आला. मी त्या दिवशी शाळेच्या कामानं बाहेर होते, उशिरा पोहोचले. बाबांनी दाराशी एकाच माणसाला तीनदा फुंकर मारायला लावली म्हणे. लोक हसले. वंदना सुरू झाली आणि बाबा उठून बाहेर गेले. मी पोहोचले तेव्हा ते लोकांच्या चपला दोन-दोन करून आत आणत होते आणि बुद्धाच्या मूर्तीसमोर ओळीनं मांडत होते. घाईत नव्हते, खोडी काढत नव्हते. कचेरीत साहेबाच्या टेबलावर फायली मांडाव्यात तसं नीट, सरळ रेषेत मांडून राहिले होते. वंदना मध्येच थांबली.

सूर्यभानजी उठले. या घटकेची ते किती दिवस वाट पाहत होते ते त्यांच्या चालण्यातच दिसलं.

"फुंका, देवमनराव," ते म्हणाले.

बाबांनी आज्ञाधारक पोरासारखी फुंकर मारली. सूर्यभानजींनी डोळे मिटून वास घेतला. मग आणखी तिघांनी घेतला.

"वास हाय," सूर्यभानजी म्हणाले. वास होताच. वास कसला, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

तेवढ्यात दाराबाहेर बसलेला किसना उठून आत आला. त्यानं बाबांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मान हलवली. "हा दारूचा वास नाही. मी जल्मभर पेलो, मले सांगता काय? हे दुसरंच काई तरी हाय. माणूस आजारी हाय गा, त्याले दवाखान्यात न्या."

लोक पोट धरून हसले. दारुड्याची बाजू दारुडाच घेणार. साऱ्या विहारात या विषयातला जाणकार एकच होता आणि नेमकी त्याचीच साक्ष धरायची नाही असा आमचा न्याय. हा न्यायही बाबांनीच शिकवलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना ओमप्रकाश डॉक्टरांकडे नेलं. साखर उतरली असेल म्हणून त्यांनी गुळाचं पाणी पाजलं. काही फरक पडला नाही. मग त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घेतात का?" मायच्या कानावर ते गेलं. तिच्या हातात पिशवी होती, ती तिनं डॉक्टरांना मारली नाही एवढंच. डॉक्टरांनी ताकदीचं औषध लिहून दिलं आणि मटण चालू ठेवा म्हणाले.

मग अकोल्याहून केशरआत्या आली. ती बाबांची धाकटी बहीण, विधवा, जुन्या शहरात मोर्णेच्या काठी एका खोलीत राहायची. तिचाही सूर्यभानजींच्या नाकावर पूर्ण विश्वास बसला. भाऊ बिघडला, वाईट संगत लागली, त्याला मी अकोल्याला नेते, असं तिनं जाहीर केलं. तिकडं नेऊन तिनं बाबांना सकाळ-संध्याकाळ एरंडेल पाजलं, दारू धुऊन काढायला. अंडी-मटण तिला परवडतच नव्हतं, म्हणून भाताची पेज आणि ताक. डॉक्टरांनी बंद केलेला भात आणि वर गुळाचा खडा.

आणि बाबा आठवड्यात शुद्धीवर आले. जीभ मोकळी झाली, हात स्थिर झाला, रात्रीची झोप परत आली. आत्या त्यांना परत आणून सोडायला आली तेव्हा वस्तीत ताठ मानेनं फिरली. "दारू सुटली म्हून माणूस ताळ्यावर आला. पाहा न, आठ दिवस थेंब भेटला नाही तर कसा झाला." समितीला आणखी काय पुरावा हवा होता? एरंडेलानं माझ्या बापाचा मेंदू धुऊन दिला आणि अब्रू घालवली.

बाबांना त्या रविवारचं काही आठवत नव्हतं. चपलांची गोष्ट त्यांना आत्यानंच सांगितली होती, हातचं काही न राखता. ते घरी आले, हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसलेल्या मायला त्यांनी विचारलं, "मी पेलो होतो काय व?"

माय म्हणाली, "नाही."

"तुले कसं मालूम? रविवारी दुपारी तू बाजारात असते."

"मले मालूम हाय. एवढी वर्सं संसार केला, मले मालूम नसन?"

"थे खरं नोय. थे तुले वाटते. मले काईच आठवत नाही."

इथं माझ्या बापाचा स्वभाव सांगायला हवा. चौथं शीलही ते पाळायचे, आणि ते पाळणारा सबंध अमरावतीत हाच एक इसम असावा. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाहीच. कचेरीत साहेब आत असताना "साहेब नाहीत" म्हणायला सांगितलं तर ते म्हणायचे, "साहेब म्हणतात साहेब नाहीत." अशा माणसाला समितीनं सगळ्यांसमोर उभं केलं.

"पेले होते की नाही, एवढं सांगा," सूर्यभानजी म्हणाले. "नाही म्हणा, आमी मानतो." आता गंमत पाहा, या बाबतीत सूर्यभानजी खरं बोलत होते. बाबांनी एक शब्द उच्चारला असता तर पाच-पंचवीस माणसं त्यांच्या बाजूनं उठली असती. त्यांच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

बाबा म्हणाले, "मले आठवत नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, माझ्या बापानं जन्मात दारूला बोट लावलेलं नाही. बाबा माझ्याकडं वळले. "ललिता, तू त्या दुपारी शाळेच्या कामाले गेली होती. जे पाह्यलं नाही थे बोलू नोको."

मला इतका संताप आला की मी तशीच बाहेर पडले. आठवत नाही म्हणजे काय? पीत नसलेल्या माणसाला, मी प्यालो नाही, हे आठवावं लागतं का? पण सत्यवादी माणसाला सत्य दाखवणं हे म्हशीला पोथी वाचून दाखवण्यापेक्षा अवघड काम आहे. समितीनं ते उत्तर कबुली म्हणून धरलं. दाराशी उभं राहायचं काम काढून घेतलं आणि तीन रविवार चपलांजवळ.

बाबा गेले, बसले. किसनानं सरकून जागा करून दिली. "या भाऊ," एवढंच म्हणाला.

मायला ते पाहवलं नाही. नवरा खचला, रक्त आटलं, असं म्हणून तिनं या वेळी कलेजीच आणायला सुरुवात केली. बकऱ्याची कलेजी रोज. दुसऱ्या रविवारी बाबा चपलांमध्ये बसल्या बसल्या झोपले, कोणीतरी हलवलं तर "साहेब आत नाहीत" म्हणून मोठ्यानं हसले. पंजा पुन्हा खालीवर व्हायला लागला होता. आता लोक मायकडं बघायला लागले. आठ दिवस आत्याकडं माणूस बरा राहतो आणि बायकोकडं आला की झिंगतो, तेव्हा दारू घरातूनच मिळते, हे उघड होतं. माझ्या मायला बाया पाण्याच्या नळावर टोमणे मारायला लागल्या.

मी शाळेतून रजा घेतली आणि बाबांना घेऊन अकोल्याची गाडी धरली. तिथं ते बरे झाले होते, एवढंच मला कळत होतं. पण या वेळी आत्याच्या एरंडेलावर सोडून येणार नव्हते. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर होते, त्यांच्यासमोर त्यांना नेऊन बसवलं. डॉक्टरांनी बाबांना दोन्ही हात पुढं करून पंजे वर धरायला सांगितले. पंजे फडफडले. त्यांनी पोट चाचपलं, पायावर बोट दाबून खड्डा पाहिला, तोंडाचा वास घेतला. वास कसला, हे त्यांना लगेच कळलं. जे किसनाला कळलं होतं तेच, फक्त यांच्या भिंतीला प्रमाणपत्र टांगलेलं होतं.

"लिव्हर संपत आलंय," ते मला म्हणाले. "पोटात अन्नाचं जे विष होतं ते लिव्हरनं गाळायचं असतं. ते आता गाळत नाही, म्हणून विष डोक्यात जातं. सगळ्यांत जास्त विष अंड्या-मटणाचं. त्यात यांना साखर. साखरेनं आतडी मंद होतात, पोट साफ होत नाही, विष आतच साठतं. आणि माझा अनुभव सांगतो, लिव्हर गेलेल्यांत ज्याला साखर असते त्याचं डोकं इतरांपेक्षा लवकर फिरतं."

"म्हणजे एरंडेलानं बरं वाटलं ते..."

"एरंडेलानं आणि पेजेनं. बाईंनी न कळत बरोबर उपचार केला."

"मग पेजच देऊ?"

त्यांनी हात पसरले. "पेज दिली की साखर चढणार. मटण दिलं की शुद्ध जाणार. एका रोगाचं पथ्य दुसऱ्याचं विष आहे. थोडी पेज, ताक, पोट रोज साफ. यापेक्षा जास्त माझ्याकडं नाही." मग त्यांनी सवयीनं विचारलं, "किती वर्षं घेत होते?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

बाबा एरवी गुंगीत होते, पण हे त्यांनी ऐकलं. "डॉक्टरसायेब, मले आठवत नाही. पेल्याबिगर लिव्हर जाते काय?"

"जाऊ शकतं. साखरेनं जातं, जुन्या काविळीनं जातं."

"मंग माहं पेल्याबिगर गेलं, असं तुमी सांगू शकता?"

डॉक्टर प्रामाणिक निघाले. माझ्या बापाच्या नशिबी नको तिथं प्रामाणिक माणसंच यायची. ते म्हणाले, "ते मी कसं सांगणार? कशानं गेलं हे लिव्हरवर लिहिलेलं नसतं."

गाडीत मी बाबांशी भांडले. किसना म्हणाला होता दारू नाही, असं सांगितलं. बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "किसना दारुड्या हाय. त्याचं काय खरं."

अमरावतीला येऊन मी सूर्यभानजींच्या घरी गेले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांना त्यातला एकच शब्द कळला. "लिव्हर," ते म्हणाले आणि समाधानानं मान हलवली. लिव्हर दारूनंच जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी डॉक्टरांचा निरोप घेऊन गेले होते आणि समितीला पुरावा देऊन परत आले. संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं होतं की अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरनं देवमनची दारू पकडली.

पुढचे महिने पेजेवर आणि ताकावर गेले. मायनं मटण बंद केलं, पण रडत रडत. नवऱ्याला उपाशी मारते आहे असं तिला वाटायचं, आणि नळावरच्या बाया तेही बोलायच्या. साखर चढली, पायाची जखम पसरली, पोटात पाणी भरलं. काही दिवस बाबा कुठं आहेत हे त्यांनाच कळत नसे, काही दिवस लख्ख जागे असत. जागे असले की वाईट. तेव्हा ते विचार करायचे.

अशाच एका सकाळी त्यांनी आंघोळ मागितली, पांढरं धोतर नेसवायला लावलं आणि भिंतीला टेकून बसले. सूर्यभानजी आणि समितीचे दोघं समाचाराला आले होते, ते दाराशी उभे होते. बाबांनी मला हाक मारली.

"ललिता, मले पाचवं शील दे."

मी म्हटलं, "बाबा, पाचही म्हणू या."

"चार माह्याजवळ हायत. पाचवं दे. ज्याले सोडाची हाय त्याले देतात तसं."

"तुम्हाला काही सोडायचं नाही. तुम्ही कधी घेतलीच नाही. मी किती वेळा सांगू?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पंजे खालीवर होत होते. "किसनाचे हात पाह्यले न तू? मी कितीक वर्सं असे हात पाह्यले, आन असा हात दिसला की माणूस बाहेर बसवला. आता हे माहे हात हायत. दुसऱ्याचे हात खोटं बोलत नव्हते, माहेच बोलतीन काय?" मग हळू आवाजात म्हणाले, "मरताना खोटं घिऊन जाऊ देऊ नोको मले. दे."

मी खूप बोलणारी बाई आहे. वर्गात पन्नास पोरांना गप्प करते, समितीला तोंडावर सुनावते. त्या वेळी मी हात जोडले आणि पाचवं शील म्हटलं, एक एक शब्द तोडून, शाळेत पोरांना देते तसं. बाबांनी माझ्यामागून म्हटलं. एकही अक्षर चुकले नाहीत.

"आजपासून सोडली," ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा निवला. दाराशी सूर्यभानजींनी उपरण्यानं डोळे पुसले. ते डोळे खरेच ओले होते, याचाच मला जास्त राग आला.

बाबा त्याच आठवड्यात गेले. विहारात शोकसभा झाली, टिनाखाली जागा पुरली नाही. सूर्यभानजी बोलले. देवमनरावांनी वस्तीची सेवा केली, मधल्या काळात त्यांचा पाय घसरला, पण शेवटच्या घडीला त्यांनी पोरीच्या हातून शील घेतलं आणि दारू सोडली. मी डोळ्यानं पाह्यलं, असं ते म्हणाले. तरुणांनी हा आदर्श घ्यावा. मी उठून बोलायला गेले तर शेजारच्या बाईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. पोरगी दुःखात आहे, म्हणाली.

सभेनं हात जोडून तीनदा साधू म्हटलं, आमच्याकडं मान्यतेचा शब्द तो. माझी माय पुढं बायांत बसली होती. पहिल्या वेळी ती गप्प होती, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी तिनंही म्हटलं.